चहाचे वाडगे एकाच मापाचे हवेत? कामटीचा ‘चतुर’ करा

चाकावर ओळीने चावान, म्हणजे जपानी चहाचे वाडगे, काढताना नजर फसते. पाचवा वाडगा पहिल्यापेक्षा हमखास रुंद होतो. ओल्या हातांनी दरवेळी पट्टी लावण्यापेक्षा जपानी कुंभारांचे ‘तोंबो’, म्हणजे चतुर (उडणारा कीटक), हे साधन घरीच करा.

१. ज्या मातीचे वाडगे करणार, तिच्या ओल्या पट्टीवर १० सेंमीची रेघ ओढून पट्टी पूर्ण भाजा. रेघ ८.८ सेंमी भरली, तर आकुंचन १२ टक्के.

२. हवे ते माप ०.८८ ने भागा. आतून १२ सेंमी तोंड आणि ७ सेंमी खोली हवी असेल, तर ओल्या मातीत साधारण १३.६ आणि ८ सेंमी.

३. बांबूच्या दोन कामट्या क्रॉससारख्या घट्ट बांधा. आडवी १३.६ सेंमीची, उभीचा खालचा भाग ८ सेंमी, वरचा धरण्यापुरता. टोक गोल घासा, नाहीतर बुडाला भोक पडते.

उभे टोक बुडाला आणि आडवी टोके काठाला एकदमच टेकली की हात थांबवा.

मात्र हे माप फक्त आतले. खाली पाया कोरायला सेंटिमीटरभर जाड माती राखा. माझे कितीतरी वाडगे तिथेच फुटले. माती बदलली की चतुरही नवा.