ड्यूक ऑफ पर्थ: कॉर्नर टर्न संपवून रीलमध्ये कसं शिरायचं

स्कॉटिश कंट्री डान्सिंग शिकताना लोक फिगर (डान्समधल्या ठरलेल्या आकृत्या) पाठ करतात आणि दोन फिगरच्या मधे अडकतात. एडिंबरात मी बरीच वर्षं नाचतेय, आणि ड्यूक ऑफ पर्थ या डान्सच्या चोविसाव्या-पंचविसाव्या बारला (बार म्हणजे संगीतातला ठोक्यांचा एक गट) जेवढे सेट, म्हणजे नाचणाऱ्यांचे गट, विस्कटलेले पाहिलेत तेवढे दुसरीकडे कुठे नाही. स्किप चेंज आणि पा द बास्क ही पावलं तुम्हाला येतात असं धरून चालते.

32 बारचा रील (जलद लयीचा डान्स), सेट चार जोड्यांचा, पुरुष एका रांगेत आणि बायका समोरच्या, एका वेळी नाचतात तीन जोड्या. पहिली जोडी उजव्या हाताने टर्न, एक जागा खाली (संगीतापासून दूर) कास्ट, म्हणजे रांगेच्या बाहेरून वळून जाणं, मग डाव्या हाताने सव्वा टर्न घेऊन पहिल्या कॉर्नरसमोर. दुसऱ्या जागी आपल्या बाजूला आत तोंड करून उभं राहिलं की तिरपं उजवीकडे असतो तो पहिला कॉर्नर, डावीकडचा दुसरा.

बार 9 ते 16, सगळे टर्न: पहिला कॉर्नर उजवा हात, पार्टनर डावा, दुसरा कॉर्नर उजवा, पार्टनर डावा. प्रत्येकी दोन बार, रेंगाळू नका.

17 ते 24: पहिल्या कॉर्नरला दोन बार सेट (समोर उभं राहून जागच्या जागी पावलं), दोन बार दोन्ही हातांनी टर्न, मग दुसऱ्याला तेच.

आता खरी गोम. क्रिबमध्ये (डान्सच्या थोडक्यात लिहिलेल्या सूचनांमध्ये) फक्त एवढंच असतं की समोरच्या बाजूला रील ऑफ थ्री, म्हणजे तिघांनी आठाच्या आकारात फिरणं, पहिल्या कॉर्नरला डावा खांदा. पण तिथे पोचायचं कसं ते कोणी सांगत नाही. मला सुरुवातीला एकाने सांगितलं की टर्न पूर्ण करायचा, मधे यायचं, मग रील सुरू करायचा, आणि मी महिनोन्‌महिने तसंच करत राहिले. मधे येऊन पार्टनरकडे बघायचे, तोवर एक बार गेलेला, मग घाईत उजवा खांदा पुढे जायचा आणि एकदा तर समोरून येणाऱ्या आजोबांच्या छातीवर माझं कपाळ आपटलं. हा सल्ला साफ चुकीचा आहे, कोणी दिला तर ऐकू नका.

दुसऱ्या कॉर्नरबरोबरचा टर्न पूर्ण करायचाच नाही. चक्कर पुरी व्हायच्या जरा आधी, तुम्ही दोन कॉर्नरच्या मधे बाजूच्या रेषेवर आलात की हात सोडा. त्या क्षणी तुमचा वेग तुम्हाला सेटच्या आत नेत असतो, तोच वापरून डावीकडे वळा की पहिला कॉर्नर समोर. तुम्ही आतून जाता, तो बाहेरून येतो, डावे खांदे आपोआप जुळतात. पुरुष खाली तोंड करून निघतो, बाई वर तोंड करून. उजवीकडून गिरकी घेऊन वळायचा मोह होतो, घेऊ नका, त्या गिरकीतच तो बार जातो.

आणि हा टर्न म्हणजे फुगडी नव्हे. मागे झुकून एकमेकांना ओढलंत तर वेळेवर हात सुटणारच नाहीत.

रीलच्या सुरुवातीला पहिल्या कॉर्नरला खांदा कुठला यावर वाद घालणारे भेटतात. स्कॉटिश कंट्री डान्स सोसायटी 1923 मध्ये ग्लासगोला सुरू झाली आणि हा डान्स तिच्या पहिल्याच पुस्तकात आहे. डावाच.

रील पहिल्या जोडीला सहा बारमध्ये संपवायचा असतो, शेवटचे दोन बार आपल्या बाजूला क्रॉस करायला. कॉर्नरना मात्र पूर्ण आठ बार मिळतात. दुसऱ्या फेरीनंतर तिसऱ्या जागेवरून तळाला सरका.

कॉर्नर असाल तर तुमच्यावरही तेवढंच अवलंबून आहे. पहिले कॉर्नर चार बार नुसते उभे असतात, म्हणून डोळे दुसऱ्या कॉर्नरच्या टर्नवर ठेवा आणि पंचविसाव्या बारच्या पहिल्या ठोक्याला निघा, पहिल्या जोडीची वाट बघू नका. दुसऱ्या कॉर्नरने हात सुटताच सेटच्या बाहेरून वळसा घ्यायचा. तिघं एकदम हलले तरच आठाचा आकार होतो, एक जण थांबला की बाकी दोघं त्याला चुकवत फिरतात.