पोकलेनच्या ऑपरेटरने पाना कुठवर चालवावा

मराठवाड्यात शेततळी, विहिरी आणि तलावांतील गाळ काढण्याची कामे उन्हाळ्यात एकदमच निघतात, आणि अशा वेळी एखाद्या आडबाजूच्या शिवारात पोकलेन बंद पडले, तर जालन्याहून किंवा लातूरहून मिस्त्री येईपर्यंत अर्धा दिवस सहज जातो. त्यामुळे ऑपरेटरला सगळी दुरुस्ती यायला हवी, असे मालकांना वाटते. माझ्या मते त्याला निगा आणि निदान पक्के यावे. हायड्रॉलिक पंप किंवा इंजिनात डिझेल फवारणारा इंजेक्टर उघडणे हे त्याचे काम नव्हे.

सकाळी यंत्र सपाट जागेवर असताना व इंजिन थंड असताना ऑइल आणि कूलंट यांची पातळी पाहावी, डिझेलमधले पाणी वेगळे करणाऱ्या वॉटर सेपरेटरमधील पाणी सोडावे आणि बूम (यंत्राचा मोठा हात) आणि बकेट यांच्या सांध्यांतील पिन-बुशांना ग्रीस द्यावे. मुरमाच्या धुळीत एअर फिल्टर लवकर चोंदतो. बाहेरचा फिल्टर आतून बाहेरच्या दिशेने कमी दाबाची हवा मारून साफ करावा, आतला मात्र साफ न करता बदलावा. पावसाळ्यात ट्रॅकमध्ये अडकलेली काळी माती संध्याकाळीच काढावी, कारण ती वाळली की खरवडणे जिवावर येते.

खरे कौशल्य बिघाड ओळखण्यात आहे. बूम, बकेट, ट्रॅक असे सगळेच मंद चालत असेल, तर आधी हायड्रॉलिक ऑइलची पातळी तपासावी, मग सक्शन स्ट्रेनर (पंपाकडे जाणारे ऑइल गाळणारी जाळी) आणि पंपाकडे संशयाने पाहावे. फक्त बूमच मंद असेल किंवा उचललेला बूम आपोआप खाली येत असेल, तर दोष बहुधा त्याच सिलिंडरच्या सीलमध्ये किंवा त्याच्या व्हॉल्व्हमध्ये असतो. हे यंत्र गरम झाल्यावरच होते का, हेही लक्षात ठेवावे.

होज पाइप बदलायचा असल्यास बकेट जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करावे, कंपनीच्या पुस्तिकेनुसार लिव्हर हलवून दाब उतरवावा आणि मगच पाना लावावा. बारीक गळती हाताने चाचपण्याची सवय अनेकांना असते. ती घातक आहे, कारण जास्त दाबाचे ऑइल कातडीखाली शिरते. गळती शोधायला तेथे पुठ्ठा धरावा. कॉमन रेल (खूप जास्त दाबाने डिझेल पुरवणाऱ्या) इंजिनाची डिझेल नळी इंजिन चालू असताना सैल करूच नये.

मिस्त्रीला फोन करताना ‘गाडी ओढत नाही’ एवढेच न सांगता अवर मीटरचा आकडा (यंत्र किती तास चालले तो), मंद झालेली हालचाल आणि बिघाडाची वेळ सांगावी, म्हणजे तो निघतानाच योग्य सील किट सोबत घेतो.