कोकणात एकट्याने फिरताना जुळलेली मैत्री: या चुका टाळा

कोकणच्या किनाऱ्यावर एकट्याने फिरणाऱ्याला फार वेळ एकटं राहता येत नाही. एसटी उशिरा येते, फेरीबोट नेमकी समोरच्या काठाला असते, खानावळीत शेजारच्या ताटावरचा माणूस बोलायला लागतो. अशा वाट बघण्यात ओळखी होतात आणि त्यातल्या काही आयुष्यभर पुरतात. मला या मैत्रीचं फार मोल वाटतं, म्हणूनच ती दोन-तीन दिवसांत का विस्कटते याकडे मी लक्ष देत आले आहे. बहुतेक वेळा माणसं वाईट नसतात, घाई नडते.

पहिल्याच संध्याकाळी सगळा प्रवास एकत्र बांधणं

ही सगळ्यात मोठी चूक. हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव बघताना कुणाशी तरी सूर जुळतात. तोही दक्षिणेकडेच निघालेला असतो. रात्रीच्या जेवणापर्यंत गुहागर, गणपतीपुळे, मालवण असा अख्खा बेत ठरतो. गाडी एक, खोलीही एकच. मग कळतं की एकाला पहाटे उठून किनाऱ्याने चालायचंय आणि दुसऱ्याला दहापर्यंत झोपायचंय. दोघांचंही बरोबरच असतं, तरी धुसफूस सुरू होते.

उपाय या किनाऱ्यानेच देऊन ठेवलाय. दापोलीकडून खाली उतरताना रस्ता खाड्यांपाशी तुटतो. वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला जायचं, गुहागर मागे टाकलं की शास्त्रीच्या मुखाशी तवसाळहून जयगडला. सोबत ठरवायची ती फक्त पुढच्या जेटीपर्यंत. ‘धोपाव्यापर्यंत बरोबर जाऊ, पुढचं तिथे उतरल्यावर ठरवू’ एवढं आधीच बोलून ठेवलं की वाटा वेगळ्या झाल्या तरी कुणाला टाकून गेल्यासारखं होत नाही. जमत असेल तर पुढच्या जेटीपर्यंत पुन्हा एकत्र. खोली मात्र पहिल्यापासून आपापली घ्या.

आधीच अडकला असाल तर सकाळच्या चहालाच बोला, सामान गाडीत चढायच्या आत. ‘आजचा दिवस मला एकटीला काढायचाय, रात्री जेवायला भेटू या.’ कारण देऊ नका, पोटदुखीचा बहाणा तर नकोच. आपण ‘बघू’, ‘कळवते’ म्हणत वेळ मारून नेतो आणि समोरचा दिवसभर फोनकडे बघत राहतो. त्याचा मान राखायचा असेल तर त्याला स्पष्ट उत्तर द्या.

आणि समोरच्याने तुमचा नकार हसण्यावारी नेला, खोलीचा नंबर पुन्हा पुन्हा विचारला, रात्री गाडीने फिरायला चलण्याचा आग्रह धरला, तर तिथे मैत्री वाचवत बसू नका. घरमालकांना लगेच सांगा. गरज पडली तर ११२ लावा. उतरायचं ठिकाण आणि गाडीचा नंबर घरच्या एका माणसाला रोज कळवत जा, सोबतीला कुणीही असलं तरी.

हिशेब शेवटच्या दिवसावर ढकलणं

खाडीकाठच्या गावांत रेंज जाते, ऑनलाइन पैसे अडकतात आणि ज्याच्या खिशात रोकड असते तोच सगळीकडे देत सुटतो. सुरमईची थाळी आणि शाकाहारी थाळी यांच्या दरात बराच फरक असतो. बिल सरळ निम्मं केलं की शाकाहारी माणूस गप्प बसतो आणि मनात ठेवतो. ज्याचं त्याने द्यावं. गाडीभाडं तेवढं वाटून घ्यावं, तेही त्याच रात्री.

नव्या मित्रासमोर पाण्याची भीती लपवणं

जुन्या मित्राला माहीत असतं की तुम्हाला पोहता येत नाही. दोन दिवसांच्या मित्राला ते कसं माहीत असणार? तो कमरेएवढ्या पाण्यातून हाका मारतो आणि नाही म्हणायचा संकोच होतो. पहिल्यांदा किनाऱ्यावर जाल तेव्हाच सांगून टाका. भरतीचा अंदाज दोघांनाही हवा. तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची साधारण वेळ निघते: अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावस्येला बाराच्या आसपास, आणि तेव्हाच उधाणाचा जोर असतो. रोज ती वेळ पाऊण तासाच्या वर पुढे सरकते. हा फक्त अंदाज आहे. गावातला मच्छीमार नको म्हणाला, तर मित्राचा आग्रह कितीही गोड असो, पाण्यात उतरायचं नाही.

काका-काकू म्हटलं की घर आपलंच समजणं

याविषयी मला सगळ्यात जास्त वाटतं. घरगुती राहण्याच्या सोयीत माया खरी असते. जेवताना काकू न विचारता सोलकढीची वाटी पुन्हा भरतात, निघताना कोकमाची पुडी हातात ठेवतात. पण रात्री तुम्ही पडवीत काकांशी गप्पा मारत बसता, तेव्हा काकू आत सकाळच्या घावनांसाठी भिजवलेले तांदूळ वाटत असतात आणि तुमचं जेवण आटोपेपर्यंत त्या स्वतः जेवलेल्या नसतात. वेळेवर जेवा, वेळेवर उठा. ओळख झाली म्हणून दरात घासाघीस करू नका. ते त्यांचं हंगामाचं उत्पन्न आहे. काकांनी ‘असू दे हो’ म्हटलं तरी पूर्ण पैसे द्या. ते शिष्टाचारानं बोलतात.

पुढच्या वेळी कधी जायचं हेही विचारून ठरवा. गणपतीत आणि शिमग्याला मुंबईचे चाकरमानी घरी येतात, खोल्या घरच्यांनाच पुरत नाहीत. ‘मी येऊ का?’ विचारलं तर कोकणी माणूस नाही म्हणणार नाही, स्वतः ओटीवर झोपेल. त्याला त्या पेचात टाकू नका. ‘पालखी कधी आहे?’ एवढंच विचारा. बोलावायचं असेल तर ते स्वतःहून बोलावतील. घरातल्या मुलांचे, बायकांचे फोटो विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका.

परतल्यावर ‘कधीतरी भेटू’वर सोडून देणं

वाटेत भेटलेल्या मित्राचा फोटो तुमच्याकडे असेल तर पहिल्या आठवड्यातच पाठवा आणि सोबत पुढचं काही नेमकं लिहा: ‘दिवाळीनंतर पुण्यात येतेय, शनिवारी मोकळा आहेस का?’ उत्तर आलं नाही तर एकदा पुन्हा विचारा, मग सोडून द्या. काही मैत्री जेटीपुरतीच असते आणि तेवढीही चांगलीच असते.

काका-काकूंना मात्र मेसेजपेक्षा फोन बरा, दुपारची जेवणं आटोपल्यावर. तो फोन फक्त एप्रिलमध्ये हापूसच्या पेटीसाठी जाऊ नये. पाऊस सुरू झाला की करा, लावणी कशी चाललीय ते विचारा. पेटी हवीच असेल तर बाजारभावानं मागा आणि पैसे आधी पाठवा.