पंप खांद्यावर घेण्याआधी : भातावरचा करपा आणि पट्टीची चाचणी

चतुर्थी सरली की पाऊस उघडझाप करू लागतो. दुपारी ऊन तापतं, रात्री पानांवर दव साचतं. गोव्यात पेडण्यापासून सत्तरीपर्यंत सरदाचं (पावसाळी) भात आता पोटरीत आहे, म्हणजे लोंबी अजून खोडाच्या आवरणात आहे, काही ठिकाणी लोंब्या डोकावू लागल्या आहेत. करप्याच्या बुरशीला नेमकी हीच हवा मानवते : पान दहा-बारा तास ओलं आणि तापमान २५ ते २८ अंशांच्या आसपास. बीजाणू पानात शिरल्यावर ठिपका दिसायला पाच-सात दिवस जातात. आज दिसणारा डाग म्हणजे मागच्या आठवड्यातली लागण.

म्हणून आधी रोग कोणता ते ठरवा, औषध मागाहून. गेल्या वर्षी माझ्या खेरातल्या (रेताड जमिनीतल्या) शेतात पानं कडेने पिवळी पडून वाळू लागली. मी करपा समजून ट्रायसायक्लाझोल हे बुरशीनाशक मारलं. निघाला कडा करपा. तो जिवाणूंचा रोग, बुरशीनाशकाने हटत नाही. औषधाचे पैसे गेलेच, शिवाय युरिया तातडीने थांबवायचा होता, ते दिवसही हातचे गेले.

यावर घरच्या घरी करता येणारी एक परीक्षा आहे. पिवळ्या-हिरव्याच्या सीमेवरचा पानाचा बोटभर तुकडा कापा, काचेच्या पेल्यातल्या नितळ पाण्यात धरा आणि पाच-दहा मिनिटं उजेडाकडे बघा. कापलेल्या टोकातून दुधट धागा उतरला तर जिवाणू. काहीच उतरलं नाही तर बुरशीचा संशय धरा आणि डागाचा आकार पाहा. दोन्हीकडे निमुळता, मध्ये राखाडी, कडेला तपकिरी असेल तर करपा. तिळाएवढे गोल तपकिरी ठिपके असतील तर तपकिरी ठिपक्यांचा रोग. तो बहुधा कस गेलेल्या जमिनीत, विशेषतः पालाश (पोटॅश) कमी असलेल्या मोरडीत (उंचावरच्या शेतात), जास्त दिसतो. पाण्याच्या रेषेजवळ खोडाच्या आवरणावर सापाच्या कातडीसारखे पट्टे असतील तर पर्णकोष करपा.

अडचण अशी की कोवळा डाग कशाचाही वाटतो. इथेच प्रतिपिंडांच्या (ठरावीक पदार्थालाच चिकटणाऱ्या प्रथिनांच्या) पट्टीचा उपयोग आहे. कोविडच्या काळात घराघरात पाहिलेली तीच पट्टी : रसाचा थेंब टाकायचा, सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना चिकटवलेली प्रतिपिंडं रोगाचा पदार्थ पकडून पुढे सरकतात आणि रेघ उमटते. भातासाठी ती बनवणं मात्र सोपं नाही. बुरश्यांच्या पेशीभित्तिका एकमेकींसारख्या असतात, सगळ्यांत कायटिन आणि ग्लुकन. बुरशीचा सरसकट अर्क उंदराला किंवा सशाला टोचून मिळवलेली प्रतिपिंडं पानावरच्या निरुपद्रवी बुरशीलाही चिकटतात आणि निरोगी शेतातही रेघ येते. १९७५ साली कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीची प्रतिपिंडं हवी तितकी तयार करण्याची रीत शोधली. तिच्या आधारे शास्त्रज्ञ करप्याच्याच बुरशीत सापडणाऱ्या प्रथिनाला चिकटणारं आणि इतर कशालाही न चिकटणारं प्रतिपिंड निवडतात. ही छाननी हेच खरं काम, आणि ते चिकाटीचं आहे. तिथे शेतातून गेलेल्या चांगल्या नमुन्याची किंमत मोठी असते.

तेव्हा नमुना नीट काढा. दव सुकल्यावर शेताच्या पाच जागांवरून पानं घ्या. पूर्ण वाळलेली नकोत, डाग आणि हिरवा भाग दोन्ही हवेत. कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकमध्ये पान घामेजतं आणि दुसरीच बुरशी वाढते. पाकिटावर वाण (ज्योती, जया, खाजनातला म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीतला कोरगुट, जे असेल ते), लावणीची तारीख, दिलेला युरिया आणि मारलेलं औषध लिहा. त्याच दिवशी विभागीय कृषी कार्यालयात किंवा जुन्या गोव्याच्या कृषी विज्ञान केंद्रात पोचवा.

पट्टी हाती आलीच तर वेष्टन वापरायच्या क्षणीच फोडा, आपल्याकडची दमट हवा तिला बिघडवते. नियंत्रणाची रेघ (पट्टी नीट चालली हे दाखवणारी) उमटली नाही तर निकाल मोजू नका. सांगितलेली मिनिटं झाली की वाचा, तासाने आलेली फिकट रेघ धरू नका. रस फार घट्ट असेल तर रोग असूनही रेघ येत नाही, म्हणून सांगितलं तितकंच पाणी घाला. धान्यातल्या अफ्लाटॉक्सिनसारख्या विषाच्या पट्ट्या बहुधा उलट्या वाचायच्या असतात : रेघ पुसट झाली किंवा नाहीशी झाली तर विष आहे. मेलेली बुरशीही रेघ उमटवू शकते, म्हणून फवारणीनंतरच्या रेघेवरून लगेच दुसरी फवारणी करू नका.

करपा पक्का ठरला तर युरिया थांबवा. ट्रायसायक्लाझोल ७५ टक्के, १० लिटर पाण्यात ६ ग्रॅम, दुपारचं ऊन टाळून. मात्रा पाकिटावरच्या लेबलाशी ताडून घ्या, फवारणी आणि कापणी यांत किती दिवस ठेवायचे तेही तिथेच वाचा. लोंबी बाहेर पडताना मानेवर काळपट वळसा (मानमोडी) दिसू लागला तर उशीर झालेला असतो, म्हणून ज्या शेतात पानांवर डाग आहेत तिथे पोटरीतच फवारा. काजळीचे (दाण्यांवरच्या दुसऱ्या एका बुरशीचे) हिरवे-पिवळे फुगे दिसल्यावर फवारून उपयोग नाही. ते हाताने काढून पिशवीत भरा, बांधावर टाकू नका.

कापणीच्या वेळी मानमोडी झालेली शेतं वेगळी झोडा. वायंगणाचं (पावसाळ्यानंतरच्या पिकाचं) बियाणं त्या राशीतून घेऊ नका, करप्याची बुरशी दाण्यातूनही पुढच्या हंगामात येते.