वॉरंटी संपलेली हायब्रिड: दुरुस्त करावी की विकावी?

हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर अशा दोन्हींवर चालणारी गाडी. तिची वॉरंटी संपली आणि डॅशबोर्डवर हायब्रिड सिस्टीमचा दिवा लागला, की बहुतेकांना पहिली धास्ती बॅटरीची वाटते. मी म्हणेन, गोव्यात आधी गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहा. बॅटरी बदलता येते, पण खाऱ्या हवेने पोखरलेला सांगाडा बदलता येत नाही.

पण त्याही आधी वॉरंटीचे कागद काढा. नेमकी कुठली वॉरंटी संपली? हायक्रॉस, हायरायडर, ग्रँड विटारा या गाड्यांच्या हायब्रिड बॅटरीला ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वेगळी वॉरंटी असते. म्हणजे २०२२ मध्ये घेतलेल्या गाडीची बाकीची वॉरंटी संपली, तरी किलोमीटर उलटले नसतील तर बॅटरी २०३० पर्यंत कंपनीच्याच गळ्यात. मुदत नुकतीच टळली असेल आणि सर्व्हिसिंग नियमित असेल, तर खर्चात कंपनी काही वाटा उचलते का, तेही विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

मग रॅम्प. मिरामार, कोलवा किंवा वास्को भागात गाडी वर्षानुवर्षे उघड्यावर उभी असेल, तर दाराखालचे पत्रे, सस्पेन्शन जिथे बसते ती जागा आणि ब्रेकचे पाइप नीट पाहा. वरवरचा तांबूस गंज चालेल. स्क्रूड्रायव्हर टोचल्यावर पापुद्रे सुटत असतील, तर पुढची तपासणी करायचीच नाही, गाडी विकायची.

सांगाडा धड असेल तर स्वस्तातल्या गोष्टी आधी तपासा. १२ व्होल्टची साधी बॅटरी उतरली की हायब्रिड गाडी भलभलते इशारे देऊ लागते. ती बदलली की कधी कधी सगळे दिवे विझतात. ज्या गाड्यांत हायब्रिड बॅटरी पंख्याने थंड होते, त्यांत हवा घेणारी जाळी बहुधा मागच्या सीटजवळ असते. ती धुळीने किंवा कुत्र्याच्या केसांनी तुंबली की बॅटरी तापते. जाळी स्वतः साफ करा, पण नारिंगी वायरींना हात लावू नका. त्यांत शॉक लागून जीव जाईल एवढा विजेचा दाब असतो.

एवढ्यानेही दिवा विझला नाही, तर गॅरेजमध्ये स्कॅनिंग करून घ्या, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषाचे कोड वाचून घ्या. ‘पी०ए८०’ हा कोड बॅटरी पॅक (म्हणजे अख्खी हायब्रिड बॅटरी) खराब झाल्याचे सांगतो, ‘पी०ए९३’ इन्व्हर्टरच्या, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करून देणाऱ्या भागाच्या कूलिंगकडे बोट दाखवतो. दुसऱ्या बाबतीत दोष पुष्कळदा छोट्या कूलंट पंपाचा असतो, आणि त्याचा खर्च बॅटरीच्या मानाने किरकोळ. पहिल्या बाबतीतही पॅक उघडल्याशिवाय निकाल देऊ नका. आपल्या दमट हवेत मॉड्यूल, म्हणजे पॅकमधल्या छोट्या बॅटऱ्या, जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो, आणि तेवढ्यानेही व्होल्टेज डळमळते. मॉड्यूलच्या प्रत्येक गटाच्या (ब्लॉकच्या) व्होल्टेजची छापील नोंद मागा. ‘बॅटरी गेली’ एवढेच सांगणाऱ्या गॅरेजमधून गाडी बाहेर काढा.

एसीचे काम निघाले तर आणखी एक गोष्ट बजावून सांगा. हायब्रिडचा कॉम्प्रेसर बहुधा विजेवर चालतो आणि त्याला वेगळे तेल लागते. नेहमीचे तेल भरले तर कॉम्प्रेसरमधले वीज अडवणारे इन्सुलेशन बिघडते आणि नसलेला खर्च उभा राहतो.

आता हिशेब. तीन आकडे मांडा: दुरुस्तीचा खर्च, आहे त्या अवस्थेत गाडीला येणारी किंमत आणि दुरुस्तीनंतर येणारी किंमत. गाडी अजून चार-पाच वर्षे वापरायची असेल, तर पूर्ण नवा पॅक घ्या. एकच मॉड्यूल बदलले तर त्याच वयाची बाकीची मॉड्यूल एकामागून एक मान टाकतात. तो उपाय वर्षभरात गाडी काढणाऱ्यासाठी, आणि तेही घेणाऱ्याला सांगून. दुरुस्तीचा खर्च दुरुस्त गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल, तर मी विकेन. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे फिटनेस करून नूतनीकरण करावे लागते. १३ व्या वर्षी नवा पॅक घालताना हेही धरा.

काढलेला पॅक भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे तो परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे, तेव्हा जुन्या पॅकचे किती पैसे वळते करणार, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या.