कोळंबीला तुरा आला की: दसऱ्यानंतरच्या शेततळ्याची कामं

दसरा झाला की आपल्याकडं माणसं बांधावर उभी राहून उसाच्या तुऱ्याकडं बघतात. तुरा आला म्हणजे त्या उसाची वाढ संपली. आता उभा राहील तितकी त्यात दशी पडत जाणार, म्हणजे कांडी आतून पोकळ होत जाणार, म्हणून असला फड आधी घालवायची धडपड. ज्यांच्या शेततळ्यात जंबो कोळंबी (गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी) आहे त्यांनी याच दिवसांत तीच नजर पाण्याकडं वळवायला हवी. जून-जुलैत सोडलेलं बी, म्हणजे बारकी पिलं, आता चार महिन्यांची झालीत आणि माद्यांना 'तुरा' यायला लागलाय, म्हणजे त्या अंड्यावर येतायत.

तो ओळखायला फार शिकायला लागत नाही. सकाळी सातच्या सुमारास फेकजाळं टाका आणि आलेली कोळंबी पांढऱ्या बादलीत सोडा. एकेक मादी पाठीकडून धरून उन्हाकडं करा, फक्त नाकाडावरची करवत सांभाळा, बोटात गेली की दिवसभर ठणकते. डोक्यावरचं कवच बऱ्यापैकी आरपार दिसतं. डोळ्यांच्या मागून शेपटीकडं सरकत गेलेला शेंदरी पट्टा दिसला, तर ते भरलेलं अंडाशय. बरेच जण त्याला 'डोक्यातला माल' समजून सोडून देतात. माल म्हणजे तपकिरी-पिवळी पाचक ग्रंथी, ती त्याच्या खाली असते. मग कोळंबी उलटी करा. पोटाखालच्या पोहायच्या पायांना साबुदाण्याहून कितीतरी बारीक अंड्यांचा घोस चिकटलेला असेल तर ती अंडेवाली. घोस शेंदरी असेल तर अंडी ताजी आहेत, राखाडी झाला असेल आणि जवळून बघितल्यावर काळे ठिपके दिसत असतील तर ते पिलांचे डोळे. २८ अंशांच्या पाण्यात शेंदरीपासून राखाडीपर्यंतचा प्रवास साधारण तीन आठवड्यांचा. थंडीत जास्त दिवस लागतात.

पहिल्या वर्षी असल्या माद्या बघून मी पेढे वाटायचंच बाकी ठेवलं होतं. बी देणाऱ्यानंही सांगितलं होतं, 'पुढच्या वर्षी बी घ्यायलाच नको, तळ्यातच होईल.' मी पोरासारख्या त्या माद्या सांभाळल्या, खाद्य वाढवलं, डिसेंबर उलटू दिला. पिल्लू एक नाही झालं. माद्यांचं वजन दिवाळीला होतं तेवढंच राहिलं, वर थंडीनं खाणं बंद.

झालं असं, की या कोळंबीची पिलं गोड्या पाण्यात जगतच नाहीत. मोठी कोळंबी नदीतली असली तरी अंडेवाली मादी निसर्गात खाडीकडं उतरते. पिलांना हजारी १२ भागांच्या आसपास खारेपण लागतं, अकरा अवस्था पार करायला लागतात आणि त्यात महिनाभर जातो. गोड्या पाण्यात ती चार-पाच दिवसांत मरतात. म्हणजे तळ्यातल्या प्रत्येक अंड्यात गेलेलं तुमचं खाद्य फुकट गेलं. आणि एका मादीच्या पोटाखाली पहिल्या वर्षी ५ ते २० हजार अंडी असतात.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळकडच्या क्षारपड पट्ट्यातल्या मंडळींचा इथं हमखास प्रश्न येतो: आमचं पाणी खारटच आहे, मग होईल की? नाही होत. क्षारपडीचं खारेपण वेगळं आणि समुद्राचं वेगळं. जमिनीतल्या खाऱ्या पाण्यात बहुधा पोटॅशियम कमी पडतं. शिवाय पिलांना जिवंत आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक जीव, पिलांचं खाद्य) आणि २८ ते ३१ अंशांचं एकसारखं पाणी लागतं. ते हॅचरीचं, म्हणजे बी तयार करणाऱ्या केंद्राचं काम.

आता तुरा आल्यावर वाढ का थांबते, ते नीट समजून घ्या. खाद्यातून आलेलं सत्त्व जोवर मांसाकडं जातं तोवर वजन वाढतं. मादी वयात आली की तीच पाचक ग्रंथी एक वेगळं प्रथिन बनवायला लागते. व्हायटेलोजेनिन म्हणतात त्याला, आपण अंड्याच्या बलकाचं कच्चं पीठ म्हणू. ते रक्तात उतरतं, रक्तातून अंडाशयात जातं, तिथं वाढणारी अंडी ते ओढून घेतात आणि बलक म्हणून साठवतात. नराच्या रक्तात हे सहसा सापडत नाही. त्या बलकाबरोबर चरबी जाते, शेंदरी रंगही जातो. हा रंग कोळंबीला स्वतःला बनवता येत नाही, शेवाळातून नाहीतर खाद्यातून मिळवावा लागतो. हा बलक पिलाची शिदोरी असतो, कारण अंड्यातून बाहेर आल्यावर पहिला दिवस ते काही खात नाही.

बरं, एकदा अंडी घातली म्हणून मादी मोकळी होते असंही नाही. पोटाखाली एक घोस असतानाच वर दुसरं अंडाशय भरत असतं. घोस फुटला की पुन्हा कात, पुन्हा नर, पुन्हा घोस. उसाचा तुरा एकदाच येतो, हिचा येतच राहतो.

आपल्या मार्केटमध्ये कोकणातून येणाऱ्या समुद्री कोळंबीचं गणित थोडं वेगळं. टायगर किंवा व्हेनामी अंडी पोटाखाली सांभाळत नाही, रात्री सरळ पाण्यात सोडून देते. टायगरची मोठी मादी एका वेळी काही लाख अंडी टाकते आणि पिलं दुसऱ्या दिवशीच बाहेर. म्हणून मार्केटच्या समुद्री कोळंबीच्या पोटाखाली घोस दिसत नाही. बलकाचं प्रथिन तिच्यात पाचक ग्रंथीबरोबर अंडाशयही बनवतं, आपल्या जंबोत मात्र जवळजवळ सगळा भार पाचक ग्रंथीवर.

या सगळ्याला ब्रेक असतो तो डोळ्याच्या दांडीत. तिथल्या ग्रंथीतून निघणारं संप्रेरक अंडाशयाला दाबून ठेवतं. पानूज या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९४३ साली दाखवून दिलं की दांडी काढली की अंडाशय झपाट्यानं भरतं. त्यावरच पुढं समुद्री कोळंबीच्या हॅचऱ्या उभ्या राहिल्या: मादीची एक दांडी काढायची, आठवडाभरात ती अंड्यावर येते. हे वाचून कुणी तळ्यातल्या कोळंबीवर हात चालवू नका. आपल्याला अंडी नकोच आहेत आणि हिला अंड्यावर यायला कुणी सांगावं लागत नाही.

तर कामाचं बोलू. दिवाळीच्या आधी एकदा आणि नंतर दर पंधरा दिवसांनी वेचणी करा. मोठ्या आसाचं (भोकाचं) ओढजाळं घ्या, पण तळ्याला प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असेल तर खालच्या दोरीचे शिशाचे मणी काढून जाड दोर लावा. कागद फाटला तर कोळंबीच्या पैशात तो निघत नाही. जाळ्यात आलेल्यांतून अंडेवाल्या आणि शेंदरी पट्टा आलेल्या मोठ्या माद्या काढा, त्यांच्याबरोबर निळ्या नांग्यांचे थोराड नरही काढा. त्या नरांची वाढ संपलेली असते, ते नुसते दादागिरी करतात आणि बारक्यांना वाढू देत नाहीत. नारिंगी नांग्यांचे नर मात्र परत सोडा, आता खरी वाढ त्यांचीच. नर-मादीचा घोळ होत असेल तर शेपटीचा भाग बघा, मादीची कवचं खाली रुंद उतरून अंड्यांसाठी खोली केल्यासारखी दिसतात. काढलेल्या माद्या पंचगंगेत किंवा ओढ्यात सोडायच्या नाहीत, पुण्य म्हणून तर अजिबात नाही.

विक्रीचं वेळापत्रक आपल्या पंचांगावर चालतं. नवरात्रात गिऱ्हाईक नाही. दसऱ्यानंतर मागणी उठते, पण मार्गशीर्ष लागला की गुरुवारांमुळं घराघरांत पुन्हा बंद. मधले सातेक आठवडे आपले. पोटाखालच्या अंड्यांसकट वजन धरणार की झाडून, हे व्यापाऱ्याशी आधी बोलून घ्या. तळ्याच्या काठावर काटा लावल्यावर हा वाद काढला की आपणच हरतो.

परतीच्या पावसाकडं लक्ष असू द्या. दोन दिवस आभाळ धरलं की पहाटे पाण्यातला प्राणवायू घसरतो आणि कोळंबी काठाला येऊन बसते. अंडेवाली मादी तर पोटाखालचे पाय सारखे हलवून अंड्यांना वारा घालत असते, आधी तीच दमते. अशा दिवशी संध्याकाळचं खाद्य तोडा आणि पहाटे पंप लावून पाणी वरून पाडा. नराजवळ जायच्या आधी मादी कात टाकते आणि काही तास लोण्यासारखी मऊ असते, तेवढ्यात बाकीचे तिला फाडतात. तळात जुन्या पीव्हीसी पाइपचे तुकडे, कौलं, नारळाच्या झावळ्या टाकल्या असतील तर निम्मा प्रश्न मिटतो.

खाद्य आता डोळे झाकून वाढवू नका. तपासणीसाठी चाळणीत ठेवून पाण्यात सोडलेलं खाद्य दोन तासांनी उरत असेल तर कमी करा. तीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनांचं खाद्य पुरे. महागड्या खाद्याचं जास्तीचं प्रथिन माद्यांच्या अंड्यांत गेलं तर तुमच्या काट्यावर येत नाही.

या कोळंबीला २६ ते ३१ अंशांचं पाणी मानवतं. नोव्हेंबरच्या शेवटी सकाळचं पाणी थर्मामीटरनं मोजायला लागा. २० च्या खाली यायला लागलं की खाणं मंदावतं, मग उरलेला माल डिसेंबरच्या मध्यापर्यंत उपसून घ्या. गळीत हंगाम सुरू झाला की सगळं घर तोडीच्या मागं लागतं आणि तळं विसरलं जातं, म्हणून पंपवाल्याची आणि जाळेवाल्याची तारीख आत्ताच धरून ठेवा.

पुढच्या वर्षीचं बी ठरवताना दोन गोष्टी विचारा: पिलं गोड्या पाण्याला किती दिवस सरावलेली आहेत, आणि महिना-दीड महिना वाढवलेलं बोटुकलीएवढं बी मिळेल का. नुसत्या नरांचंही बी निघतं. कोवळ्या नराची नरपणाची ग्रंथी काढून त्याला मादी करतात आणि तिची सगळी पिलं नर निघतात. दर जास्त असतो, पण तुऱ्याची कटकट नाही. कुणी तसं बी देतो म्हणाला तर तीन महिन्यांनी दहा-वीस कोळंबी उलट्या करून बघा. एक जरी घोस दिसला तर पावती शोधून ठेवा.