हाय कॉम्प्रेशन इंजिनात नायट्रस: शॉट ठरवण्याआधी

ट्यूनिंग शिकायला नव्याने येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "माझ्या इंजिनाला किती शॉट चालेल?" शॉट म्हणजे नायट्रस ऑक्साइड वायू इंजिनात सोडून मिळणारी जादा ताकद, हॉर्सपॉवरमध्ये. मी आधी विचारतो, टाकीत इंधन कोणतं आहे? 12:1 किंवा त्याहून जास्त कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) असेल तर शॉटचा आकडा ठरतो तो इंजिन नॉकिंगपासून, म्हणजे मिश्रण अवेळी आपोआप पेटण्यापासून, किती लांब आहे त्यावर.

नायट्रस स्वतः जळत नाही. सुमारे 300 अंश सेल्सिअसला तो फुटतो आणि त्यातला ऑक्सिजन मोकळा होतो. हवेत वजनाने साधारण 23 टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रसमध्ये 36 टक्के. त्यामुळे जास्त इंधन जाळता येतं, पण सिलिंडरमधला दाब आणि उष्णताही तेवढीच वाढते. हाय कॉम्प्रेशनमध्ये ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण तापलेलं असतं. ऑक्टेन, म्हणजे इंधनाची नॉकिंग रोखण्याची क्षमता, कमी पडलं की ज्योत पोचण्याआधीच कडेचं मिश्रण आपोआप पेटतं, आणि मग पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटतात किंवा हेड गॅस्केट जातं. साध्या पेट्रोलवर जे इंजिन नायट्रसशिवायच काठावर चालतंय, त्याला किट लावूच नका. आधी रेसिंग इंधन किंवा 85 टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं मिश्रण, आणि त्यासाठी पुरेसा पंप व इंजेक्टर.

शॉटचा विचार नेहमी सिलिंडरमागे करा. आठ सिलिंडरला 100 हॉर्सपॉवर म्हणजे प्रत्येकी साडेबारा. चार सिलिंडरला तोच शॉट प्रत्येकी 25. दुसऱ्याच्या गाडीचा आकडा उचलताना नवखे इथेच फसतात. मी स्वतः सिलिंडरमागे दहा-बाराच्या आसपास सुरुवात करतो. पिस्टन कास्ट (ओतीव) असतील तर तिथून फार वर जात नाही. फोर्ज्ड (घडीव, जास्त मजबूत) असले तरी रिंगांच्या टोकांमधली फट नायट्रससाठी वाढवलेली आहे का, हे इंजिन बांधणाऱ्याला विचारा. फट कमी असेल तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात.

टायमिंग मागे घ्यावं लागतं, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडावी लागते, कारण नायट्रसने ज्वलन वेगाने होतं. 50 हॉर्सपॉवरमागे दोन अंश हा रूढ हिशोब आहे. हाय कॉम्प्रेशनवर मी त्याहून थोडं जास्तच मागे घेऊन सुरू करतो आणि पुरावा मिळेल तसं परत देतो. स्पार्क प्लग एक-दोन पायऱ्या थंड (उष्णता लवकर बाहेर सोडणारे), टोक फार पुढे न आलेले.

आता आरपीएम. साधं किट दर सेकंदाला जवळपास तेवढाच वायू सोडतं, मग इंजिन हळू फिरो की जोरात. 100 हॉर्सपॉवर म्हणजे 6000 आरपीएमला सुमारे 119 न्यूटन मीटर जादा टॉर्क, पण 3000 ला 237. म्हणजे खालच्या आरपीएमला प्रत्येक स्ट्रोकवर दुप्पट भार. म्हणून विंडो स्विच (ठराविक आरपीएमच्या टप्प्यातच नायट्रस चालू ठेवणारा) हवाच: 3000 च्या खाली बंद, लिमिटरच्या (कमाल आरपीएम रोखणाऱ्या यंत्रणेच्या) आधी बंद, आणि थ्रॉटल पूर्ण उघडल्याशिवाय चालूच नाही. इंधनाचा दाब पडला तर नायट्रस तोडणारा स्विचही लावा. पैसे वाचवायची ती जागा नव्हे.

बाटलीचा दाब साधारण 900 ते 1000 पीएसआय ठेवतात. बाटली जास्त तापली तर दाब चढतो, त्याच जेटमधून (वायूचं प्रमाण ठरवणाऱ्या छिद्रातून) नायट्रस जास्त जातो, इंधन मात्र तेवढंच राहतं. मिश्रण लीन होतं. थंड बाटलीत उलट, मिश्रण रिच होऊन ताकद पडते. दाबावर स्वतःहून बंद होणारा हीटर वापरा. बाटलीला ज्योत कधीच लावू नका.

जेट बदलला की एक पूर्ण धाव, लगेच इंजिन बंद आणि प्लग बाहेर, भिंगाखाली. पोर्सेलीनवर बारीक काळे किंवा ॲल्युमिनियमचे चकचकीत ठिपके दिसले तर तो शॉट तिथेच थांबवायचा, डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा कितीही सुंदर असो. सगळे प्लग पाहा, एकच नाही. इनटेकमध्ये वाटणी क्वचितच सारखी होते, आणि इंजिनाची मर्यादा सर्वात लीन चालणारा सिलिंडर ठरवतो.